आजारी पडलात तर खर्च कोणाचा?

गेल्या वर्षी मे महिन्यात बाबांची तब्येत सुधारली आणि आमच्या घरात सगळ्यांचे चेहरे पडले.

बाबा सहासष्ट वर्षांचे. २०१९ साली त्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. शुगर आणि बीपी त्याच्याही आधीपासून. पण माणूस पथ्याला पक्का. रोज पहाटे मुलुंड पूर्वेच्या आमच्या घरापासून हायवेपर्यंत चालत जायचं आणि चालत यायचं, भात बंद, चहा बिनसाखरेचा. १७ मे रोजी घाटकोपरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि बीपीची गोळी पन्नासवरून पंचवीसवर आणली. ‘काका, आता एवढ्या डोसची गरज नाही,’ ते म्हणाले. एरवी आम्ही पेढे आणले असते.

अडचण अशी की माझी ताई कॅनडात मिसिसागाला राहते आणि सप्टेंबरमध्ये तिचं बाळंतपण होतं. आईबाबा ऑगस्टमध्ये निघणार होते. सुपर व्हिसा आला होता. त्यासाठी लागणारी एक लाख कॅनेडियन डॉलरची मेडिकल पॉलिसी ताईने आधीच घेऊन ठेवली होती. डॉक्टरांकडून आल्यावर मी सहज ती पॉलिसी उघडली. जुन्या आजारांनाही संरक्षण होतं, पण एका अटीवर. पॉलिसी सुरू होण्याआधीचे १८० दिवस प्रकृती ‘स्थिर’ हवी. स्थिर म्हणजे काय, तेही खाली बारीक अक्षरांत दिलं होतं. नवीन लक्षण नको, नवीन उपचार नको, औषधात बदल नको. डोस वाढला तरी बदल आणि कमी झाला तरी बदल.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. अशी अट वाचली की डोक्यात आपोआप हिशेब सुरू होतो. टायमर पुन्हा शून्यावर. १७ मेपासून १८० दिवस म्हणजे १३ नोव्हेंबर. त्याआधी बाबा तिकडे गेले आणि हृदयाचं काही निघालं, तर पॉलिसी असून नसल्यासारखी.

जेवताना सांगितलं. बाबा म्हणाले, ‘मग जुनीच गोळी चालू ठेवतो. कोणाला कळतंय?’

कळलं असतं. मोठा क्लेम आला की विमा कंपनी इथले केसपेपर मागवते. पण माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न अडकून बसला. नातवंडाला भेटायला निघालेल्या माणसाला आपली गोळी कमी झाली याचं वाईट का वाटावं? ही अट आली कुठून? शोधत शोधत मी मागे जात राहिले आणि १८८३ सालापाशी येऊन थांबले.

कोणी विचारलं नाही

आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कोलकात्याला बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. त्यांची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते, २०१९ मध्ये त्यांच्यावरचा सिनेमाही पाहिलेला असतो. त्यांच्या तब्येतीबद्दल मात्र कमी बोललं जातं. निघण्याआधीपासूनच त्यांना डोकेदुखीचा आणि अशक्तपणाचा त्रास होता. आजच्या फॉर्ममध्ये हे सगळं ‘प्री-एक्झिस्टिंग कंडिशन’ या रकान्यात गेलं असतं. तेव्हा व्हिसा नावाचा कागदच नव्हता आणि विम्याची अट घालण्याची कल्पनाही कोणाला सुचलेली नव्हती. न्यू जर्सीतल्या रोझेल गावात थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. पत्रांतून झालेली ओळख, तीच काय ती हमी.

मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पदवीदान समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाई होत्या. पण क्षयाने शरीर पोखरलेलं होतं. परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी पुढे कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी त्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. ही अस्थींची गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

आनंदीबाईंना कोणी अडवलं नाही, पण दार बंद व्हायला सुरुवात झाली होती. त्या पोचण्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १८८२ मध्ये, अमेरिकेने कायदा करून गुन्हेगार, वेडसर आणि ‘स्वतःची काळजी घेऊ न शकल्याने सरकारवर भार होतील’ अशा लोकांना उतरू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. ‘पब्लिक चार्ज’ हा शब्द तेव्हापासून अमेरिकेच्या कायद्यात आहे आणि आजही व्हिसाच्या वकिलांच्या तोंडी असतो. १८९१ मध्ये धोकादायक संसर्गजन्य रोगांची भर पडली. १९०७ मध्ये क्षयरोगाचं नावच यादीत आलं. आनंदीबाई चोवीस वर्षं उशिरा निघाल्या असत्या आणि बंदरावर क्षय उघडकीला आला असता, तर त्यांना परतीच्या बोटीत बसवलं असतं.

खडूची खूण

त्याच काळात आपली मुंबई जगाच्या नकाशावर लाल खूण झाली होती. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगास यांनी मांडवीत प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. शहरातून लाखो लोक बाहेर पळाले. त्याच वर्षी व्हेनिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत रोगग्रस्त बंदरातून निघणाऱ्या प्रत्येक उतारूची बोटीत चढण्याआधी किनाऱ्यावरच डॉक्टरी तपासणी करायचं ठरलं. मुंबईहून जाणारी हजयात्रा त्या वर्षी थांबवली गेली. मद्रास इलाख्यात तर प्लेगच्या भागातून आलेल्या प्रवाशाच्या हातात ‘प्लेग पासपोर्ट’ नावाचा कागद देत. तो घेऊन ठरावीक दिवस आरोग्य अधिकाऱ्यासमोर हजेरी लावायची. त्या वर्षांत मुंबईहून आलोय एवढं सांगितलं तरी समोरचा दोन पावलं मागे सरत असेल. २०२० मध्ये गावाला गेलेल्या मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको.

न्यूयॉर्कच्या बंदरात १८९२ पासून एलिस बेट सुरू झालं. सामानासकट जिना चढणाऱ्या माणसांवर डॉक्टर नजर ठेवून असत. धाप लागली, पाय लंगडला, डोळे लाल दिसले की कोटावर खडूने अक्षर. हृदयाची शंका असेल तर ‘एच’, डोळ्यांसाठी ‘ई’, लंगडण्यासाठी ‘एल’, डोक्यात बिघाड वाटला तर ‘एक्स’. अक्षर पडलं की रांगेतून बाजूला आणि पुढची तपासणी. हे सगळं स्वस्त तिकिटाच्या उतारूंसाठी होतं. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना बोटीवरच वरवर पाहून सोडत. पैसे भरू शकणारा माणूस तब्येतीनेही बराच असणार, असा तो हिशेब होता.

पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल बेटावर १९१० पासून हिंदी मजुरांच्या पोटातले जंत तपासले जाऊ लागले. हूकवर्म सापडला की परत. औषधाने जाणारा हा आजार माणसं परतवायला सोयीचा होता. १९१७ मध्ये आशियाचा मोठा भागच कायद्याने बंद झाल्यावर त्या निमित्ताचीही गरज उरली नाही.

इथपर्यंत भीतीला निदान एक चेहरा होता. बाहेरून येणारा माणूस रोग आणेल आणि आपली माणसं मरतील, ही भीती खरी असो की खोटी, समजण्यासारखी होती. माझ्या बाबांच्या शुगरपासून मात्र मिसिसागात कोणाला काय धोका आहे?

रोगाची भीती, मग बिलाची

याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या एका चांगल्या गोष्टीत आहे. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताने १९४७ मध्ये सगळ्यांसाठी हॉस्पिटलचा विमा सुरू केला. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये एनएचएस आली. १ जुलै १९६२ रोजी सस्कॅचवानने डॉक्टरांची फीही सरकारी विम्यात घेतली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी संप केला. तरी योजना टिकली आणि १९६६ च्या कायद्याने कॅनडाभर पसरायला लागली. आजारी माणसाला खिसा चाचपावा लागू नये, हे त्यामागचं स्वप्न. पण सगळ्यांनी मिळून भरलेला डबा म्हटला की प्रश्न येतोच. ‘सगळे’ म्हणजे कोण? काल आलेला पाहुणा त्यात धरायचा का?

अमेरिकेत हे दोन्ही विचार एकाच वर्षी कायद्यात आले. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी पासष्टच्या पुढच्या लोकांसाठी मेडिकेअरवर सही केली. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी त्यांनीच नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. त्या दुसऱ्या कायद्यामुळेच पुढे आपल्याकडचे डॉक्टर आणि इंजिनिअर मोठ्या संख्येने तिकडे गेले. अमेरिकी नागरिकाच्या आईवडिलांना त्यात कोट्याची मर्यादा ठेवली नाही. म्हणजे एक कायदा म्हणाला, आईला बोलवा. मेडिकेअरच्या कायद्यात मात्र बाहेरून आलेल्यांसाठी ग्रीन कार्ड आणि सलग पाच वर्षं वास्तव्य अशी अट होती. क्युबातून आलेल्या काही वृद्धांनी तिला आव्हान दिलं. १९७६ मध्ये, मॅथ्यूज विरुद्ध डियाझ या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने अट योग्य ठरवली.

त्याच १९७६ साली कॅनडाने स्थलांतराचा नवा कायदा केला. जुन्या कायद्यांतली रोगांची नावं मागे पडली आणि एक नवीन शब्दप्रयोग आला: आरोग्यसेवेवर ‘अवाजवी भार’. आता तुम्हाला कोणता रोग आहे यापेक्षा त्याला किती खर्च येईल हे महत्त्वाचं ठरलं. २००१ च्या कायद्यातही ही तरतूद राहिली. २०१८ मध्ये खर्चाची मर्यादा तिप्पट करून ती थोडी सैल केली, एवढंच.

हा हिशेब निव्वळ दुष्टपणाचा आहे असं मला वाटत नाही. तिथल्या ड्रायव्हरने, नर्सने तीस वर्षं कर भरलेला असतो. त्यांच्या रांगेत माझे बाबा सहासष्टाव्या वर्षी येऊन उभे राहिले तर त्यांनी कपाळाला आठी घातली तरी मी समजू शकते. माझी तक्रार हिशेब अर्धाच मांडला जातो याबद्दल आहे. ताई चोविसाव्या वर्षी तिकडे गेली. तिच्या जन्मापासून डिग्रीपर्यंतचा खर्च, तिची आजारपणं, क्लासच्या फिया, रात्री अकराला स्टेशनवर आणायला जाणं, हे सगळं मुलुंडमध्ये झालं. कॅनडाला ती मिळाली ती थेट कर भरायच्या वयाची. त्या देशाच्या वहीत ताई जमेच्या बाजूला आहे आणि तिला वाढवणारे दोघं खर्चाच्या बाजूला.

पाहुण्यांसाठी नवे नियम

१९८६ हे साल मला वेगळंच वाटतं. आनंदीबाईंच्या पदवीला शंभर वर्षं झाली होती. त्या वर्षी ब्रिटनने भारतीय पाहुण्यांना व्हिसा सक्तीचा केला. त्याच वर्षी आपल्याकडच्या सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला, आणि ‘आधीपासूनचा आजार’ हा शब्द आपल्या मध्यमवर्गाच्या कानावर पडायला लागला. आपल्याकडे तो नियम हळूहळू सैल झाला. जुन्या आजारांसाठी थांबण्याची जास्तीत जास्त मुदत २०२४ मध्ये ४८ महिन्यांवरून ३६ वर आली आणि नवी पॉलिसी घ्यायला पासष्टची वयोमर्यादाही गेली. पण या पॉलिसी बहुतेक करून भारतातल्या उपचारांपुरत्याच असतात. विमान सुटलं की त्या मागे राहतात.

तिकडच्या देशांनी आपापले मार्ग काढले. युरोपातल्या शेंगेन देशांनी २००४ पासून व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा प्रवासी आरोग्य विमा सक्तीचा केला. ब्रिटनने २०१२ मध्ये नियम इतके आवळले की आईवडिलांना कायमचं नेण्यासाठी त्यांना दीर्घकाळ वैयक्तिक शुश्रूषा लागते आणि ती मायदेशी मिळूच शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. म्हणजे पालक इतके आजारी हवेत की त्यांची जगण्याची उमेदच संपत आलेली असावी. ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता पालक व्हिसा काढला. एकूण मुक्काम जास्तीत जास्त दहा वर्षं आणि विमा आवश्यक.

कॅनडात २०११ पर्यंत आईवडिलांना कायमचं बोलावण्याच्या रांगेत सुमारे १ लाख ६५ हजार माणसं साचली होती. सरकारने त्या नोव्हेंबरमध्ये नवे अर्ज घेणंच थांबवलं आणि १ डिसेंबरपासून सुपर व्हिसा दिला. दहा वर्षांचा व्हिसा, एका वेळी दोन वर्षं मुक्काम, जुलै २०२२ पासून तो पाच वर्षं. बदल्यात मुलांचं ठरावीक उत्पन्न, पालकांची वैद्यकीय तपासणी आणि किमान एक वर्षाचा, एक लाख डॉलरचा खासगी विमा. २०२५ च्या जानेवारीपर्यंत तो कॅनडातल्याच कंपनीचा लागायचा, आता तिथल्या नियामकाने मान्य केलेल्या परदेशी कंपन्यांचाही चालतो. आपल्या सरकारी आरोग्यसेवेचा अभिमान असलेला देश आईवडिलांच्या बाबतीत मात्र खासगी विम्याकडे बोट दाखवतो.

अमेरिकेत पाहुण्यांच्या व्हिसाला विम्याची सक्ती नाही. साधारण सहा महिने राहायची मुभा मिळते आणि आजारी पडलात तर तुमचं तुम्ही बघा. तिथल्या पॉलिसींत ‘ॲक्यूट ऑनसेट’ नावाचं कलम असतं. जुना आजार अचानक, पूर्वसूचना न देता उफाळला आणि लगेच उपचार घेतले तरच पैसे. नेहमीची तपासणी, नेहमीची औषधं त्यात येत नाहीत.

म्हणजे सरकारांनी आपला प्रश्न विमा कंपन्यांकडे सोपवला आहे. एलिस बेटावरचा डॉक्टर माणसाकडे निदान बघत तरी होता. कॅनडा सरकारने नेमलेल्या मुंबईतल्या डॉक्टरांनी बाबांना तपासून पास केलं होतं. त्यांना अडवलं एका व्याख्येने, आणि ती लिहिणाऱ्याने बाबांना कधी पाहिलेलं नाही.

जुनी पट्टी

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबांना मुलुंड स्टेशनच्या पुलावर चक्कर आली. एका अनोळखी मुलाने धरून बाकावर बसवलं आणि मला फोन केला. घरी आल्यावर आईने त्यांचा शर्ट धुवायला घेतला, तेव्हा खिशात गोळ्यांची पट्टी सापडली. पन्नासची. तीन आठवडे ते गुपचूप जुनाच डोस घेत होते. त्यांना वाटलं होतं, आपण गोळी बदललीच नाही तर १८० दिवसही मोडणार नाहीत. त्याचा काही उपयोग नव्हता, कारण डॉक्टरांच्या कागदावर १७ मेची तारीख होती. तोटा मात्र झाला होता. बीपी शंभराच्याही खाली गेलं होतं.

आई त्यांना काहीच बोलली नाही. पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि मला म्हणाली, ‘माझं एकटीचं तिकीट ठेव.’

मी डॉक्टरांना भेटून विचारलं होतं, कागदावर जुना डोस ठेवता येईल का म्हणून. विचारताना मला लाज वाटली, पण विचारलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, ‘उद्या तिथल्या इमर्जन्सीतला डॉक्टर हा कागद वाचून त्यांना औषध देणार आहे. तो काय वाचेल?’ विम्याच्या विचारात मी हे विसरलेच होते. फॉर्मवर खरं लिहायचं ते क्लेमसाठी, असं मी समजत होते. तो कागद आधी बाबांच्या उपचारांसाठी होता.

तुमच्याही घरात असा प्रवास ठरत असेल तर तिकिटाआधी पॉलिसीतलं ‘स्थिर’चं कलम वाचा. दिवस किती, डोस कमी झाला तर काय, आणि आजार लपवल्यास पूर्ण पॉलिसीच रद्द होते का, एवढं विचारून घ्या. आणि औषध बदलायचं असेल तर ते बदलू द्या. तारीख पुढे ढकलता येते.

ऑगस्टमध्ये आई एकटी गेली, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली. निघायच्या आधी ती स्वतःची पॉलिसी चष्मा लावून वाचत होती. सुपर व्हिसाच्या विम्यात एक भाग सक्तीचा असतो. तिने विचारलं, ‘रिपॅट्रिएशन म्हणजे काय गं?’ मी म्हटलं, परत पाठवणं. कोणाला, ते तिला पुढच्या ओळीवरून कळलं. थोडा वेळ थांबून म्हणाली, ‘बरं आहे. निदान घरी तरी आणतील.’ मला पोकिप्सीतल्या त्या अस्थी आठवल्या. त्या पुण्याहून उलट्या दिशेने गेल्या होत्या, आजारपणात ज्यांनी जवळ घेतलं त्यांच्याकडे. त्यासाठी कोणता कागद लागला नव्हता.

बाबा आणि मी साडेतीन महिने दोघंच होतो. ते कुकर लावायला शिकले, मी त्यांच्याबरोबर पहाटे हायवेपर्यंत चालायला शिकले. बाळ आधी व्हिडिओ कॉलवरच भेटलं. १३ नोव्हेंबर उलटल्यावर पॉलिसीची तारीख हलवून त्यांचं तिकीट काढलं.

आदल्या रात्री ते फाईल लावत बसले होते. इसीजी, स्टेंटचं कार्ड, पॉलिसी, ताईचं आमंत्रणपत्र. सगळ्यात वर त्यांनी १७ मेचं प्रिस्क्रिप्शन ठेवलं आणि मला दाखवत म्हणाले, ‘पंचवीसचीच घेतोय हं आता.’